खोडलेलं बरोबर उत्तर

माझ्या सांगण्यावरून एका मुलीनं स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं होतं. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. लिहायला बसले की वाटतं, एवढीशी गोष्ट, एक गणित, कुणाला काय त्याचं. पण त्या गणितावर तिचं शिक्षण थांबणार होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

ती सायवनकडची, मी गंजाडच्या एका पाड्यावरची. अकरावी-बारावीला तलासरीत आम्ही एकाच वसतिगृहात राहिलो आणि नंतर डहाणूच्या कॉलेजात बी. एस्सी.ला दोघींनी एकत्रच फॉर्म भरला. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तिच्याही घरात तीच पहिली. त्यामुळे आम्हाला काही अडलं तर घरी विचारायची सोय नव्हती. आम्ही एकमेकींनाच विचारायचो, आणि एकीनं सांगितलं की दुसरी मान्य करायची. त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही.

तलासरीला आम्ही लॉग शिकलो ते टेबलाच्या पुस्तकावरून. पुस्तकं कमी होती, म्हणून एका पुस्तकावर तीन मुली. सरांनी कामं वाटून दिली होती. एकीनं डावीकडची ओळ धरायची, दुसरीनं वरचा रकाना धरायचा आणि जिथं दोन्ही बोटं भेटतील तो आकडा वाचायचा, तिसरीनं शेवटच्या बारीक आकड्यांतून फरक बघून मिळवायचा. मी ओळ, माझी मैत्रीण रकाना. फरक बघणारी मुलगी बारावीनंतर लग्न होऊन गुजरातच्या बाजूला गेली. वर्गात नुसता आरडाओरडा असायचा.

"ओळ?"

"एकवीस!"

"रकाना?"

"चार! अगं बोट हलवू नको ना."

"फरक?"

"थांब, माझ्या डोळ्याला दिसत नाहीय, पुस्तक इकडे सरकव."

आणि सर फळ्याजवळून ओरडायचे, "बार विसरलात तर घरी जायचं!"

हा बार म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एकाहून लहान संख्येचा लॉग वजा येतो. पण टेबलाच्या पुस्तकात वजा आकडे नसतातच. पॉइंटनंतरचा भाग नेहमी अधिक धरायचा आणि वजाचं चिन्ह फक्त पॉइंटआधीच्या आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ म्हणून द्यायचं. ती रेघ म्हणजे बार. ०.००२ चा लॉग पुस्तकावरून येतो तीन बार, पॉइंट तीन शून्य एक शून्य. म्हणजे वजा तीन, आणि त्यात अधिक ०.३०१०. हिशेब केला की होतात वजा २.६९९०. आम्ही ही बेरीज-वजाबाकी दोन वर्षं इतक्या वेळा केली की वजा आणि बार या माझ्या डोक्यात एकाच गोष्टीच्या दोन खुणा होऊन बसल्या. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नव्हता. त्यामुळे ते तपासायची वेळ कधी आली नाही.

डहाणूला आल्यावर कॅल्क्युलेटर चालू लागला. माझे बाबा समुद्राकडच्या एका चिकूवाडीत कामाला जातात. त्या घरच्या काकींनी एकदा मला बोलावून त्यांच्या मुलीचा जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर दिला. म्हणाल्या, "पडूनच आहे कपाटात. तुला लागेल, ने." त्याचं झाकण सैल होतं, पण चालायचा एकदम नीट. आमच्या बॅचमध्ये आमच्या बाजूच्या मुलींत असा कॅल्क्युलेटर माझ्याकडेच पहिल्यांदा आला. मुलं चिडवायची, "ए मशीनवाली आली, जागा द्या." एक जण तर रोज विचारायचा, "बघ ना गं, तुझ्या मशीनवर पावसाचं काय म्हणतंय?"

मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. लॅबमध्ये कुणीतरी हळूच विचारायचं, "एवढं बघून सांग ना." मी बटणं दाबायची आणि आकडा सांगायची. मी सांगितलेला आकडा लोक लिहून घेत होते. याआधी माझं असं कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

सेकंड इयरच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या वेळी माझ्या मैत्रिणीची अवस्था अशी होती. पहिल्या वर्षी तिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल राहिलं होतं आणि नंतर तिनं ते काढलं होतं. तिचा मोठा भाऊ उंबरगावला कंपनीत जातो. घरात त्याचा शब्द चालतो. त्यानं तिला सांगून ठेवलं होतं, की यंदा काही राहिलं तर पुरे झालं, कंपनीत पॅकिंगला मुली घेत आहेत, तिथं लागायचं. हे ती मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून बोलली. रडली वगैरे नाही. "दादा वाईट नाहीय गं," म्हणाली, "त्यानं मला दोन वर्षं थांबवलं नाही, हेच खूप आहे."

परीक्षेत आम्हाला एका टेबलावर जागा मिळाली. टेबलाला आम्लाची बाटली एकच होती, म्हणून दोघींचं रीडिंगही सारखंच आलं. आम्लाची तीव्रता काढायची, मग ते दहापट पातळ केलं तर त्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, किती ते काढायचं. तीव्रता ०.०२ आली, पातळ केल्यावर ०.००२. पीएच म्हणजे त्या तीव्रतेच्या लॉगचं चिन्ह बदलायचं, बस.

तिच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता. मागायला संकोचली असेल, किंवा तिला गरजच वाटली नसेल. लॅबमधलं टेबलाचं पुस्तक घेऊन तिनं तिच्या पद्धतीनं लॉग काढला, तीन बार ३०१०, त्याची वजाबाकी केली आणि पीएच लिहिला २.६९९. शाईनं. मग मान न वळवता हळूच मला विचारलं, "तुझा किती आला?"

मी तेव्हाच बटण दाबलं होतं. स्क्रीनवर वजा दोन पॉइंट सहा नऊ नऊ शून्य. आधीच्या सत्रात आम्ही जे लॉग काढले, ते सगळे एकाहून मोठ्या संख्यांचे होते, त्यामुळे वजा कधी आलाच नव्हता. जर्नलमधली पीएचची गणितं तर आम्ही फळ्यावरून उतरवून घेतली होती. स्क्रीनवर तो वजा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि माझ्या हातानं तलासरीची सवय केली. दोनावर रेघ दिली. दोन बार ६९९०. म्हणजे वजा दोन अधिक ०.६९९०. म्हणजे वजा १.३०१. पीएच १.३०१.

मी म्हटलं, "एक पॉइंट तीन शून्य एक."

ती थांबली. "माझा दोन पॉइंट सहा आलाय."

"तुझा लॉग किती आला?"

"तीन बार तीन शून्य एक शून्य."

"मशीनवर दोन बार सहा नऊ नऊ दाखवतंय. रकाना चुकला असेल तुझा. बघ."

मी कॅल्क्युलेटर थोडा तिच्याकडे वळवला. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलाच्या पुस्तकाकडे. तिचं बोट अजून त्या रकान्यावरच होतं. मला आठवतं, ती काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, "अगं मशीन कसं चुकेल?" तिनं पट्टी घेतली, तिच्या उत्तरावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, १.३०१.

बाहेरून आलेले परीक्षक सर वयस्कर होते. फार बोलत नव्हते. तिचा पेपर बघताना ते थांबले.

"हे खालचं बरोबर आहे. का खोडलंस?"

तिनं टेबलाचं पुस्तक मिटलं.

सरांनी माझा पेपर उचलला, दोन्ही शेजारी धरले. "असं. तिचं बघून लिहिलंस. स्वतःला येत होतं ते खोडून." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट जरा कंटाळल्यासारखा होता. "येत असताना कॉपी करणारी मी पहिल्यांदा बघतोय."

लॅबमध्ये सगळे ऐकत होते. मशीनवाली म्हणणारी मुलंही. मला वाटलं ती आता म्हणेल, की हिनं सांगितलं. ती म्हणाली नाही. मीही काही म्हणाले नाही. माझ्या हातात ब्युरेटची काचेची नळी होती, ती मी धूत राहिले. सरांनी तिचा पेपर वेगळा काढून ठेवला आणि तिला जायला सांगितलं. तिनं दप्तर घेतलं आणि गेली. दारातून वळून बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी नळाकडे तोंड करून उभी होते.

धुवायचं संपलं तरी मी धूत होते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "झालं ना तुझं? नीघ." मी जिना उतरले. खाली नोटीस बोर्डाशी आले, तेव्हा तिची बस सुटायची वेळ झाली होती. धावले असते तर स्टँडवर ती भेटली असती. पण भेटून काय सांगणार होते? जे बोलायचं होतं ते वर बोलायचं होतं. मी परत जिना चढले.

सर आणि मॅडम चहा घेत होते. मी दारातच उभी राहून बोलले, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की सरांनी दोनदा विचारलं, "काय?"

"सर, तिनं बघितलं नाही. मी सांगितलं तिला. तिचं चुकलंय असं मीच सांगितलं."

"म्हणजे तूही दोषी."

"हो सर."

"पण तुझं उत्तर तरी असं कसं आलं? कॅल्क्युलेटर तुझ्याकडे होता ना?"

मी कॅल्क्युलेटर काढला आणि त्यांच्यासमोर परत सगळं केलं. स्क्रीनवर आकडा आला. मी कागदावर दोन लिहिले आणि डोक्यावर रेघ दिली. सरांनी कप खाली ठेवला.

"ही रेघ का दिलीस?"

"वजा आहे ना सर."

सरांनी पेन घेतलं आणि माझ्या आकड्याखाली लिहून दाखवलं. पुस्तकातला वजा फक्त पहिल्या आकड्याचा असतो. मशीनवरचा वजा पूर्ण संख्येचा. दोन ओळी लिहिल्या त्यांनी. दोन ओळींत मला कळलं. दोन वर्षं ओळ धरणारी मुलगी मी, आणि दोन ओळींत कळलं.

मॅडम म्हणाल्या, "बारावीपर्यंत सगळं टेबलावर, आणि इथं आल्या की हातात मशीन. मधलं कुणी सांगत नाही." मग म्हणाल्या, "मीही सांगितलं नाही, सर."

सर म्हणाले, "खोडलेलं मला तपासता येत नाही. पण उद्या दुसरी बॅच आहे, मी अकरापर्यंत आहे. तिला आण. तोंडी घेतो. येत असेल तर देईन. तुझे या गणिताचे मार्क मात्र जातील."

"चालेल सर."

"चालेल काय, जातीलच," सर म्हणाले.

तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. भावाचा फोन भाऊ कंपनीत घेऊन जायचा, आणि त्यांच्या पाड्यावर रेंजही नव्हती. मी स्टँडवरून आधी शेअर रिक्षा पकडली, आशागडला उतरून जीप घेतली, पुढं आणखी एक जीप बदलली. गंजाडच्या फाट्याजवळ ओळखीच्या एका काकांना सांगितलं, की आईला निरोप द्या, मी मैत्रिणीकडे राहते आहे. जीपमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य काय असावं, हेच ठरत नव्हतं.

ऊन उतरणीला लागलं होतं. तिच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि ती व तिची आई ती खालीवर करत होत्या. तिनं कपडेही बदलले होते. कॉलेजमधून येऊन तिला तीन तासही झाले नसतील, पण तिला बघून वाटलं की ती केव्हाचीच इथं आहे. भाऊ पहिल्या पाळीचा, तोही घरी आला होता. त्याला सगळं कळलं होतं. म्हणजे तिनं एवढंच सांगितलं होतं की प्रॅक्टिकल गेलं.

तो खाटेवर बसून म्हणाला, "ये ये. तुझं पण गेलं का?"

मी म्हटलं, "दादा, तिचं माझ्यामुळे गेलं. तिचं बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं आणि तिनं खोडलं."

त्याला कळेना. मी परत सांगितलं. बार वगैरे सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि सरांनी उद्या बोलावलंय तेवढं सांगितलं. तो म्हणाला,

"म्हणजे तुम्ही दोघी मिळून चुकता, आणि घरी एकटी हीच येते?"

तिची आई म्हणाली, "पोरीला बसू दे तरी. इतक्या लांबून आली." पाणी आणून दिलं. माझ्या मैत्रिणीनं मात्र हात थांबवला नव्हता. फुलं पसरत होती.

भाऊ तिला म्हणाला, "सोमवारी तुला घेऊन येतो, असं मी सुपरवायझरला सांगून आलोय."

"उद्या सोमवार नाहीय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या मी जाते. नाही झालं तर सोमवारी येते तुझ्यासोबत. मी स्वतः सांगते सुपरवायझरला."

तो उठून आत गेला आणि जाता जाता म्हणाला, "सकाळची पहिली जीप पकडा. दुसरी भरून येते." मला तेव्हा वाटलं, याला हिनं पास व्हायला हवंय. कदाचित आमच्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत आम्ही लॅबच्या दारात होतो. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडं होतं आणि सर हळू बोलत नव्हते. त्यांनी तिला टेबलाचं पुस्तक दिलं आणि ०.००३०६ चा लॉग काढायला सांगितला. ती पुस्तकावर वाकली. एकटीनंच ओळ धरली, एकटीनंच रकाना.

"तीन बार, पॉइंट चार आठ पाच सात."

"पीएच?"

कागदावर थोडा वेळ पेन चालल्याचा आवाज. "दोन पॉइंट पाच एक चार तीन."

"आता यावर दाब." सरांनी स्वतःचा कॅल्क्युलेटर पुढं केला असावा.

"वजा दोन पॉइंट पाच एक चार तीन."

"मग पुस्तक खोटं की मशीन?"

"दोन्ही एकच आहे सर. पुस्तकात वजा नुसत्या तिनाला आहे, पुढचं अधिक आहे. ते मिळवलं की हेच येतं. यात मिळवूनच दाखवलंय."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिनं मला गणितातलं काही विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढायला धजले नाही. हे तिला आधीपासूनच येत होतं.

सर म्हणाले, "काल हे बोलली असतीस तर आज एवढ्या लांबून यावं लागलं नसतं."

"हो सर," ती म्हणाली.

ती पास झाली. मार्क फार नाहीत, पण पास. माझे गणिताचे मार्क गेले, तरी मीही पास झाले. बाहेर आल्यावर मला तिचा हात धरायचा होता, पण ती दप्तराची चेन लावत होती, आणि ती लवकर लागेना. आम्ही स्टँडकडे चालू लागलो.

तिनंच बोलायला सुरुवात केली. "तू काल घरी आलीस, दादासमोर बोललीस, बरं केलंस. तू आली नसतीस तर मी आज इथं नसते."

मी म्हटलं, "माझ्यामुळेच तर झालं सगळं."

"तसं नको बोलू." ती चालायची थांबली. "मला माहीत होतं माझं बरोबर आहे. रकाना माझा कधी चुकत नाही. तू म्हणालीस तेव्हाही माहीत होतं. तरी मी पट्टी घेतली. तू काही माझा हात धरला नव्हतास."

"मग का खोडलंस?"

"तेच काल दिवसभर बघत होते. तुझ्याकडे मशीन आहे म्हणून नाही. तू एवढी खात्रीनं बोललीस, आणि मला वाटलं, मी कोण." मग तिनं सरळ माझ्याकडे बघून सांगितलं, "पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टेबलावर बसते हं. राग नाहीय माझा."

राग असता तर मी माफी मागितली असती. मी "बरं" म्हटलं. तिची बस लागली होती.

आता आम्ही थर्ड इयरला आहोत. ती खिडकीजवळच्या टेबलावर बसते, मी दाराजवळच्या. डबा अजून एकत्र खातो. तिनंही आता कॅल्क्युलेटर घेतलाय, पण आधी पुस्तकावरून काढते आणि मग मशीनवर बघते. वेळ जातो तिचा. मॅडम ओरडतात.

मध्ये एकदा लॅबमध्ये आम्ही सगळे एकाच आम्लाचा पीके, म्हणजे त्याच्या स्थिरांकाचा चिन्ह बदललेला लॉग, काढत होतो. ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. उत्तर शाईनं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारलेल्या.

"माझं चार पॉइंट सात सहा. तुझं?"

मी माझ्या कागदाकडे बघितलं. "चार पॉइंट सहा सात."

बाजूचा मुलगा म्हणाला, "घ्या, मशीनवालीचं वेगळं आलं."

ती तिच्या कागदाकडे वळलीसुद्धा नाही. "मग तुझं बघ परत," म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

मी परत बघितलं. उतरवताना मी सात आणि सहा उलटे लिहिले होते.